ड्रमर बोटीवर चाललाय, आता बँडचं काय करायचं?

फोंड्याच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. चौघांचा पंक (वेगवान, रांगडं रॉक) बँड, तीन वर्षं झाली. गाणी स्वतःची, बहुतेक कोकणी आणि मराठी, थोडी इंग्रजी. पहिली दोन वर्षं जोरात गेली, लोक नावाने ओळखू लागले. आता ड्रमरला क्रूझवर नोकरी लागलीय आणि जूनमध्ये त्याला जॉइन व्हायचंय. बेसवाला हॉटेलात रेट्रो, म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी, वाजवतो आणि तालमीला दांड्या मारतो. गायक म्हणजे हा मुलगा स्वतः, आणि गिटारवाला, यांचं एका गाण्यावरून बोलणं बंद आहे. त्या गाण्याचे शब्द याचे, रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) गिटारवाल्याचा, मधला घुमटाचा, म्हणजे गोव्याच्या मडक्यासारख्या तालवाद्याचा, ठेका ड्रमरने आणलेला. ऑनलाइन टाकताना मात्र नाव एकट्या गायकाचं पडलं. त्याचा प्रश्न असा: "गोव्यात पंक बँड टिकतच नाही का? नवीन ड्रमर घेऊन चालू ठेवू की इथेच थांबू?"

मी २००१ ते २००५ म्हापशाच्या एका पंक बँडमध्ये ड्रम वाजवले आणि तेव्हापासून आजपर्यंत साऊंडचं काम करतो. म्हणजे एक बँड आतून मोडताना पाहिला आणि बरेचसे मिक्सरमागे उभं राहून. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझा खरा प्रश्न ड्रमरचा नाही, असं मला वाटतं. ड्रमर जाणार हे तुला तारखेसकट माहीत आहे, त्यामुळे ती अडचण सोडवता येते. तुझ्या प्रश्नात चार ओळी ड्रमरवर आहेत आणि गाण्यावरच्या नावाबद्दल फक्त अर्धी, तीही "चुकून पडलं" अशी. बँड त्या अर्ध्या ओळीत अडकलाय.

माझं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथे बसून कळणार नाहीत. ड्रमरला परत येऊन वाजवायचंय का? गिटारवाला तुझ्याबरोबर एका खोलीत बसायला तयार आहे का? आणि घरची निकड कुणाची किती आहे? चोविसाव्या वर्षी बापाच्या औषधाचा खर्च खांद्यावर असलेल्या मुलाला "पंकशी प्रामाणिक राहा" असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. ही तीन उत्तरं तुझी तू घाल आणि मग पुढचं वाच.

आधी बँड वर कसा गेला ते बघू, कारण मोडण्याची कारणं बहुतेक वेळा तिथेच असतात. आमची तालीम म्हापशात एका मित्राच्या घरामागच्या गॅरेजमध्ये व्हायची, तीही शुक्रवारी, कारण शुक्रवार बाजाराचा दिवस. रस्त्यावर एवढा कालवा असायचा की आमच्या आवाजाची तक्रार करायला कुणाला सवडच नसे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, फक्त खोलीतला खणखणाट थोडा कमी होतो, हे मला पुढे साऊंड शिकल्यावर कळलं. चौघांत मिळून एक बरा अँप (अँप्लिफायर). पहिलं वर्ष कुणी कुणाला काही विचारलं नाही. कोण केबल आणतो, कोण रिक्षाचे पैसे देतो, कोण चाल लावतो, सगळं आपोआप व्हायचं. कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवलं, मग पर्यटकांच्या सीझनला हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्याकडे दोन-तीन ठिकाणी. शंभर सीडी घरी बर्न केल्या, वर मार्करने नाव लिहिलं, सगळ्या खपल्या.

मग एका पेपरात आमचा फोटो आला. फोटो फक्त गायकाचा, खाली त्याचं नाव आणि "व त्याचा बँड". गायकाचा त्यात काडीचा दोष नव्हता, त्याला ते छापून आल्यावरच कळलं. पण त्या शुक्रवारी तालमीला तिघे उशिरा आले. कुणी विषय काढला नाही. मीही नाही. तिघांनी हसत त्याला चिडवलं, तोही हसला, आणि आम्ही वाजवायला लागलो. पुढे दीड वर्ष बँड चालला, पण आज विचार केला तर तो त्याच दिवशी मोडला असं मला वाटतं. कुणालाच विचारत नाहीत तेव्हा सगळं चौघांचं असतं. लोक विचारायला लागले की नाव, पैसे, पुढची तारीख अशा वाटायच्या वस्तू तयार होतात. त्या कशा वाटायच्या ते बोलून ठरवावं लागतं, आणि दोस्तीत असं बोलायची लाज वाटते. तुमचं ऑनलाइनवरचं नाव म्हणजे आमचा तो फोटो.

साऊंडवाल्याला हे बाहेरून कसं दिसतं तेही सांगतो. स्टेजवर प्रत्येक वादकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर ठेवलेला असतो, मॉनिटर म्हणतो आम्ही त्याला. त्यात काय ऐकू यायला हवं ते वादक साऊंडचेकला मला सांगतो. बँड नवा असला की गिटारवाला म्हणतो, "किक द्या, आवाज द्या." किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. बेसवाला स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, मागतो. गायक म्हणतो, "गिटार नीट येत नाही." सगळे एकमेकांना मागत असतात. दोन वर्षांनी तोच गिटारवाला छातीवर बोट ठेवतो आणि अंगठा वर करतो, म्हणजे "माझाच वाढवा". मग बेसवाला तसंच करतो, मग गायक. शेवटी ड्रमर सोडून सगळ्यांच्या मॉनिटरमध्ये फक्त स्वतःचाच आवाज असतो आणि गाणं सुरू झालं की प्रत्येकाचं एक वेगळं जातं. याला इतरही कारणं असतात. स्टेज लहान, झांजा जवळ, कानांना सवय झालेली. पण तिघेही एकाच महिन्यात स्वतःलाच मागायला लागले की मी पुढच्या सीझनला त्या बँडचा फोन येईल असं धरत नाही. पुढच्या शोला तुझ्या मॉनिटरमध्ये तू काय मागतोस ते जरा बघ.

आता गोव्याचं. "इथे पंक टिकत नाही" हे तू म्हणतोस ते अर्धं खरं आहे, पण कारण लोकांच्या आवडीत नाही. आपलं राज्य लहान, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाख. त्यातले पंक ऐकायला येणारे मला चेहऱ्याने ओळखता येतात. दोन वर्षांत प्रत्येकाने तुम्हाला चार वेळा पाहिलेलं असतं. पाचव्यांदा ते येतात ते दोस्तीखातर. याच्यावर चढायचं म्हणजे पुणे, मुंबई, बंगळूर गाठायचं, रात्रभराचा प्रवास आणि हातात येणाऱ्या पैशापेक्षा जास्त डिझेल. त्यात ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. नियम योग्यच आहे, माझी आई रात्री झोपते म्हणून मी तो मानतोही. पण परिणाम असा की उघड्या जागेवरचा कार्यक्रम दहाला आवरायचा म्हणून मोठं नाव साडेआठला चढतं आणि तुमच्यासारख्यांना सात वाजता रिकाम्या खुर्च्यांपुढे पंचवीस मिनिटं मिळतात. बंद हॉलची रात्र डीजेची. आणि जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे कामच नाही.

त्यामुळे बेसवाल्याला दगाबाज म्हणू नकोस. हॉटेलात रेट्रो वाजवणाऱ्याला ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे मिळतात, जेवण मिळतं, आणि ऐंशी गाणी बोटावर येतात. आमचा गिटारवाला असाच गेला. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही आणि ती माझी चूक होती. त्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते मी विचारलंच नव्हतं. बेसवाल्याबद्दल तक्रार करायचीच तर एवढीच कर: त्याने तारीख घेताना आधी सांगावं. तारखांचं भांडण कॅलेंडरने मिटतं. त्याला माणसाच्या चारित्र्याचं भांडण करू नका.

बोटीचंही तसंच. गोव्यात घराघरांतून पिढ्यानपिढ्या माणसं बोटीवर जातात, आणि घर त्यांच्याशिवाय चालतं, ते आले की त्यांच्यासकट चालतं. क्रूझचं कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं, मग दोनेक महिने सुट्टी. तुझा ड्रमर जूनमध्ये चढला तर डिसेंबर ते मार्चच्या मध्ये कधीतरी उतरेल. म्हणजे तो नसणार ते महिने बरेचसे पावसाचे, आणि असणार ते सीझनचे, नाताळ ते शिगमो (होळीच्या सुमाराचा सण) या काळातले. तारखा पुढेमागे होतात, दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला गणित बदलतं, हे धरूनच सांगतो. पण पहिलं वर्ष तरी तुझ्या बाजूने आहे. तू हे मोजलंस का?

माझे वडील डिचोलीकडच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवातल्या नाटकात काम करायचे. तू फोंड्याचा, तुला ही नाटकं सांगायला नकोत. मंगेशी तुझ्या तालुक्यात, दीनानाथांचं गाव. त्या मंडळात एक जण मुंबईला गिरणीत, एक कुवेतला, एक शाळामास्तर. वर्षातले दहा महिने मंडळ म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वही. उत्सवाची तारीख देवळाने ठरवलेली, ती कुणासाठी हलत नसे. दोन महिने आधी तालीम बसायची आणि जो येऊ शकत होता तो यायचा. एका वर्षी नायकाचं काम करणाऱ्याला रजा मिळाली नाही. त्याच्या जागी कुणाला तरी उभं करून तेच नाटक करावं असं काहींना वाटत होतं. वडिलांनी नाटकच बदललं. म्हणाले, आहेत ती माणसं बघून नाटक निवडू, तो आला की ते परत करू. वही अजून माझ्याकडे आहे. वर्गणी, पडद्याचं भाडं, पेटीवाल्याची बिदागी, चहा, सगळं पै-पैचं, आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या. ते मंडळ एकोणतीस वर्षं चाललं.

म्हणून माझी सूचना ही: बँड बंद करू नका आणि ड्रमरच्या जागी कायमचा माणूसही घेऊ नका. बँड हंगामी करा. डिसेंबर ते मार्चमध्ये ड्रमर उतरेल तेव्हा, तो इथे असेल तेवढे महिने चौघे मिळून वाजवा. बाकीच्या महिन्यांत तिघांना जे जमेल ते करा, ढोलकी-घुमट आणि एक गिटार घेऊन, लहान खोलीत, पण त्याला बँडचं नाव देऊ नका. बेसवाला पावसात रेट्रो वाजवेल आणि त्याचं मनही खाणार नाही.

माणूस बदलण्याबद्दल मी एवढा सावध का, ते सांगतो. इंग्लंडच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडची गोष्ट तुला माहीत असेलच, पण तिच्यातला एक तपशील लोक विसरतात. १९७७ च्या फेब्रुवारीत ग्लेन मॅटलॉक हा त्यांचा बेसवाला बाहेर पडला. बहुतेक गाण्यांच्या चालींत त्याचा हात होता. त्याच्या जागी सिड व्हिशस आला. तो दिसायला पंकचा पुतळा, पण बेस त्याला फारसा येत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा एकुलता एक स्टुडिओ अल्बम आला, त्यावरचा बहुतेक बेस गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सला वाजवावा लागला. १४ जानेवारी १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा शो झाला आणि बँड संपला. चाली करणारा माणूस गेला आणि जागा भरली ती दिसण्याने. १९९६ मध्ये परत एकत्र आले तेव्हा बेसवर मॅटलॉकच होता. तुमच्या गाण्यातला घुमटाचा ठेका ज्याने आणला तो माणूस चाललाय. त्याच्या जागी दुसरा कुणी वेगाने वाजवू शकेल, पण तुमची गाणी कुठे थांबतात आणि कुठे उसळतात ते त्याच्या हातात आहे.

एक अपवाद आहे. ड्रमरने स्वतः सांगितलं की "मी परत येणार नाही, दुसरा घ्या," तर जरूर घ्या. मग जुनी गाणी अर्धीच ठेवा आणि उरलेली त्या नव्या मुलाबरोबर नव्याने बांधा. त्याला जुन्याची नक्कल करायला लावू नका. मी हे तीन बँडांत पाहिलंय. नक्कल करायला लावलेला ड्रमर वर्षाच्या आत जातो.

इथपर्यंतचं एवढं ध्यानात ठेव: ड्रमर आणि बेसवाला यांचा प्रश्न तारखांचा आहे आणि तो हंगामाने सुटतो. गिटारवाल्याचा प्रश्न नावाचा आहे आणि तो फक्त तू सोडवू शकतोस, जूनच्या आत.

त्या गाण्याकडे येतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द ही एक कृती, संगीत ही वेगळी कृती आणि रेकॉर्डिंग ही तिसरी. तिन्हींचे हक्कदार वेगळे असू शकतात. हक्क निर्माण व्हायला नोंदणी लागत नाही, कृती झाली की हक्क झाला. म्हणजे शब्द तुझे, त्यावर वाद नाही. रिफवर चाल उभी असेल तर संगीतात गिटारवाल्याचा हक्क आहे, आणि तू एकट्याचं नाव टाकलंस तेव्हा त्याचं नाव पुसलंस, मुद्दाम असो की चुकून. ड्रमरचं थोडं नाजूक आहे. घुमटाचा पारंपरिक ठेका कुणाच्या मालकीचा नाही. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळ्यांवर आपले आजे-पणजे तो वाजवत आले, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पण तो ठेका पंकच्या वेगात बसवायचा, कुठे तोडायचा, गिटार थांबवून घुमट एकटं कधी सोडायचं, हे डोकं ड्रमरचं. कायद्याच्या काट्यावर ते चालीत किती धरायचं यावर वकील दोन दिवस वाद घालतील. चार मित्रांनी घालू नये.

मी तुझ्या जागी असतो तर संगीत चौघांचं, सारखा वाटा, असं लिहून टाकलं असतं आणि शब्दांवर तुझं नाव वेगळं ठेवलं असतं. अमेरिकेच्या रामोन्स या पंक बँडने सुरुवातीच्या अल्बमांवर गाणी कुणा एकट्याच्या नावावर न टाकता बँडच्या नावावर टाकली, जरी आत कुणी काय लिहिलं ते त्यांना माहीत होतं. त्यांचा गायक जोई आणि गिटारवाला जॉनी पुढे वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. तरी १९७४ ते १९९६ अशी बावीस वर्षं आणि दोन हजारांवर शो झाले. बोलणं बंद असूनही बँड चालतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. हिशेब बंद असेल तर मात्र चालत नाही.

आणि गोव्याच्या माणसाला नावाचं मोल वेगळं सांगायला नको. मुंबईच्या हिंदी सिनेमासंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आणि असे कितीतरी गोवेकर अरेंजर आणि वादक होते. व्हायोलिनांचे ताफे त्यांनी लिहिले, सुरावटी त्यांनी सजवल्या, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं शोधून सापडत नव्हती. आपण त्याबद्दल आजही हळहळतो. मग चार जणांच्या बँडमध्ये आपल्याच गिटारवाल्याचं नाव राहून गेलं तर ते आजच्या आज दुरुस्त व्हायला हवं. ऑनलाइन नाव बदलणं काही मोठं काम नाही. त्याच्याशी बोलायला जाण्याआधी ते बदल. बदलून मग जा. "बदलतो" असं सांगत जाऊ नकोस.

बोलणं कसं करायचं, तर आधी चौघे एकत्र बसू नका. एकत्र बसलं की प्रत्येक जण इतर दोघांना साक्षीदार धरून बोलतो. तू एकेकाला वेगळा भेट. तालमीच्या खोलीत नको, बारमध्ये नको. मी माझ्या गिटारवाल्याशी शेवटी बोललो ते म्हापशाच्या बसस्टँडवर, कदंबाच्या बसची वाट बघत, आणि ते आमचं सगळ्यात बरं बोलणं झालं, कारण दोघेही समोर बघत होतो, एकमेकांकडे नाही. माफी मागायची ती एका वाक्यात माग. "पण" हा शब्द त्यात आला की ती माफी राहत नाही.

मग एक वही घ्या. प्रत्येक गाण्याला एक पान: शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, फाईल कुणाकडे आहे. पुढच्या पानांवर सामान. अँप कुणी किती पैसे घालून घेतला, आज त्याची किंमत काय धरायची, बँड संपला तर तो कुणाकडे जाईल आणि इतरांना किती देऊन. कागद नसला तरी मिळून काम करून नफा वाटून घेणं याला कायदा भागीदारी धरू शकतो, १९३२ चा कायदा आहे त्याला, म्हणून हे लिहिलेलं बरं. शेवटचं पान बँडच्या नावाचं: तिघे किंवा दोघेच उरले तर ते नाव वापरायचं की नाही. आम्ही हे ठरवलं ते बँड मोडल्यावर सहा वर्षांनी, एका लग्नात भेटलो तेव्हा. कुणी एकट्याने वापरायचं नाही, असं ठरलं, आणि म्हणूनच मी इथेही ते नाव लिहिलेलं नाही. सही चौघांची, तारखेसकट, आणि पानांचे फोटो चौघांच्या फोनमध्ये.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ते. ड्रमर जाण्याआधी सगळी गाणी रेकॉर्ड करा. सगळी. अर्धवट असतील तीसुद्धा.

आमची पंधरा गाणी होती. २००४ मध्ये एका स्टुडिओत आम्ही ती तीन दिवसांत वाजवली आणि मिक्स नंतर करू म्हणून फाईल तिथल्याच कॉम्प्युटरवर ठेवून आलो. पैसे थोडे द्यायचे राहिले होते. मग बँड मोडला. तू जा, मी जात नाही, असं करत दीड वर्ष गेलं. मी गेलो तेव्हा तो कॉम्प्युटर फॉर्मॅट झाला होता. त्या माणसाने दोनदा फोन केला होता, म्हणाला. केलाही असेल. चार गाणी घरच्या सीडीवर उरली, अकरा गेली. त्यातल्या एकात आमच्या गिटारवाल्याने शेवटी एक तार सैल करत करत सूर खाली नेला होता, पावसात पत्र्यावरचं पाणी ओघळावं तसा. मला तो आजही ऐकू येतो, पण मी तो कुणालाच ऐकवू शकत नाही. त्या गिटारवाल्यालासुद्धा नाही, आणि त्याला ते वाजवलेलं आठवतही नाही.

म्हणून स्टुडिओची वाट बघू नका. पंकची गाणी दोन-अडीच मिनिटांची. तुझी चौदा असतील तर सगळी मिळून अर्धा तास. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम चौदा गाण्यांचा आणि एकोणतीस मिनिटांचा, आणि त्याचं रेकॉर्डिंग जेमतेम आठवड्याभरात झालं होतं. तालमीच्याच खोलीत दोन दिवस पुरतील. एक माइक किकला, एक स्नेअरला, दोन वरून, एक गिटारच्या अँपसमोर, बेसची लाइन थेट, गायकाचा आवाज नंतर घाला. क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक लावून ठरलेल्या वेगात, वाजवू नका. तुमचा वेग पुढेमागे होतो तो होऊ दे, तोच तुमचा आहे. प्रत्येक गाणं तीनदा, त्याहून जास्त नाही. आणि हे मेमध्येच करा, पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली माइकमध्ये दुसरं काही येत नाही. त्याच रात्री फाईल चौघांच्या चार ड्राइव्हवर घाल, मग झोप.

शेवटच्या शोबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. एक करा, लहान, बंद खोलीत, ड्रमर जाण्याच्या आठवड्यात. "शेवटचा" असं जाहीर करू नका, कारण तो शेवटचा आहे की नाही ते डिसेंबरमध्ये ठरेल. आणि साऊंडचेकला गिटारवाल्याच्या आधी तू सांग, "मला गिटार वाढवून द्या."

गिटारवाला नाहीच म्हणाला तर? शक्य आहे. तर बँड थांबव, पण वही आणि रेकॉर्डिंग तरीही पूर्ण कर. त्याला फक्त एवढं विचार की दोन दिवस येशील का, गाण्यांसाठी. माझ्या अनुभवात या प्रश्नाला लोक हो म्हणतात, बँडला नाही म्हटलं तरी.

माइक कमी पडले तर कळव. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर माझे कपाटातच असतात. फोंड्याला आणून लावून देईन, पैसे नकोत. माझ्या दोन स्टँडची कमान सैल झालीय, तेवढे तुझे आण.